यशोगाथेतले वडील

ताईंनी ‘वडील हयात नाहीत’ असं टाइप केलं, तेव्हा ते वडील पलीकडच्या हॉलमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाच्या पायाला रंधा मारत बसले होते. रंध्याची खरखर दाराच्या फटीतून सरळ कॉम्प्युटरपर्यंत येत होती. ताईंनी उठून दार लावून घेतलं. परत आल्यावर त्या वाक्यात ‘दुर्दैवाने’ घालावं का, याचा थोडा विचार केला आणि नाही घातलं. शब्दमर्यादा संपत आली होती.

हे युवा केंद्र एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत चालायचं. फरशीवरचे शाईचे डाग अजून गेले नव्हते. संध्याकाळी वस्तीतली मुलंमुली तिथे जमत. कोणी खेळायला, कोणी अभ्यासाला, कोणी नुसतंच घरी लवकर जायला नको म्हणून. या सगळ्याला भाडं लागे, वीज लागे, शिक्षकांचे पगार लागत, आणि त्यासाठी दर वर्षी एका मोठ्या फाउंडेशनकडे अनुदानाचा अर्ज करावा लागे. वर्षभर मुलांमागे धावून ताई दमत नसत, तेवढ्या त्या अर्जाने दमत. त्यातही ‘एका लाभार्थ्याची यशोगाथा’ हा रकाना म्हणजे डोक्याला ताप होता.

यशोगाथा ठरलेली होती, लंबूची. चौकटीला डोकं लागणारा हा मुलगा इथेच टेबल टेनिस शिकला आणि आता इथेच मुलांना शिकवत होता. पहिल्या वर्षी ताईंनी खरं तेच लिहिलं: वडील सुतार, काम कधी असतं, कधी नसतं. गरज पुरेशी ठळक होत नाही, असं फाउंडेशनने कळवलं. म्हणून पुढच्या वर्षी वडिलांचं काम सुटलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना दारूचं व्यसन लागलं, आणि अनुदान मिळालं! त्यानंतर वडील काही सावरले नाहीत. यंदा अर्ज फार आलेत असं ताईंच्या कानावर आलं होतं, आणि भाडं थकलं तर कुलूप लावीन असं घरमालकाने तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी बराच वेळ इकडून तिकडून विचार केला. व्यसनापुढे लिहिण्यासारखं एकच उरलं होतं.

दारावर टकटक झाली.

“ताई, चहा,” मिस्त्री म्हणाले. लंबूच्या वडिलांना सगळे मिस्त्रीच म्हणत. केसांत भुसा, हातात दोन कप. “दार का लावलंत? धूळ येतेय का?”

“नाही हो. जरा लिहीत होते.”

“लिहा, लिहा. मी हळू मारतो रंधा.”

ते गेल्यावर ताईंनी अर्ज पाठवून दिला. चहा तसाच निवला.

पाहणीसाठी फाउंडेशनच्या मॅडम येणार होत्या, त्या दिवशी मिस्त्रींना येऊ नका म्हणून ताईंनी निरोप धाडला. का, ते मात्र सांगवलं नाही. लंबूला व्यसनापर्यंत सगळं माहीत होतं, आणि त्याने ते हसण्यावारी नेलं होतं. पुढचं त्याच्याजवळ बोलायला ताईंची जीभ रेटली नव्हती. आणि मिस्त्री आलेच.

“पाहुणे येणार आणि टेबल लंगडं, बरं दिसतं का?” असं म्हणून ते पाचर मारायला टेबलाखाली शिरले.

मॅडम आल्या त्या थकलेल्या. आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायल्या. वाचनाची खोली पाहिली, गळका नळ पाहिला, मुलींशी दोन शब्द बोलल्या, आणि हॉलमध्ये येऊन लंबूसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“वडील गेले, तेव्हा तू केवढा होतास?”

लंबूच्या हातातला चेंडू सुटला आणि टप टप करत भिंतीपर्यंत गेला. त्याने ताईंकडे पाहिलं. ताईंनी भिंतीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, पण त्यातून काही निघायच्या आत टेबलाखालून आवाज आला.

“लहानच होता.”

मिस्त्री रांगत बाहेर आले आणि गुडघे चोळत उभे राहिले. कानावर पेन्सिल तशीच होती.

“तुम्ही ओळखत होता त्यांना?” मॅडमनी विचारलं.

“हो तर. एकत्रच कामं करायचो.” लंबू पुढे सरकला, तशी त्यांनी त्याच्या हातात हातोडी दिली. “धर जरा.”

मॅडमनी कागद चाळले. “दारूमुळेच ना?”

मिस्त्रींनी हातांवरचा भुसा झटकला. एकदा झटकला, मग पुन्हा झटकला.

“नाही. तेवढं चुकलंय तुमच्याकडे. गेला तो गेला, त्याचं काही नाही. पण पीत नव्हता. थेंबाला शिवला नाही कधी.”

मॅडम मिस्त्रींकडे बघत राहिल्या. छताला लोंबणारी लांब ट्यूबलाइट मिस्त्रींच्या कपाळाला लागत होती. तीच पलीकडच्या टोकाला लंबूच्याही कपाळाला लागत होती. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

ताई त्यांना पोचवायला दारापर्यंत गेल्या. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मॅडम वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या.

“या महिन्यात बरीच केंद्रं पाहिली मी,” त्या म्हणाल्या. “एकाही मुलाला वडील नाहीत.” आवाजात राग नव्हता. “अर्जात दुरुस्ती शुक्रवारपर्यंत करता येते.”

“दुरुस्ती केली तर मिळेल?”

“ते मी एकटी ठरवत नाही, ताई,” मॅडम म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

ताई परत आल्या, तेव्हा लंबू हातोडी टेबलावर ठेवून निघून गेला होता. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होते.

“तुम्हाला दारूचं कधी कळलं?” ताईंनी विचारलं.

“अनुदान मिळालं होतं ना त्या वेळी, तेव्हाच. ते यशोगाथेचं पान तुम्ही भिंतीवर लावलंत. त्याची फ्रेम मीच करून दिली.”

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. पान तिथेच होतं. त्या आनंदात आपण ते लावलं होतं, आणि भिंतीवरचं कोण वाचतंय असं वाटलं होतं, हे त्यांना आता आठवलं.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलायचं? पोरगं इथे माणसांत आलं. ते तर खरंच लिहिलं होतं तुम्ही.” मिस्त्रींनी पटाशी फडक्यात गुंडाळली. “त्याच्या आईला मात्र कधी इथे आणलं नाही. तिलाही वाचता येतं.”

ताई आत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि अर्ज उघडला. ‘वडील हयात नाहीत’ हे वाक्य खोडलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्याही आधीचं. भाड्याचं काय करायचं, ते त्यांना सुचत नव्हतं. आता जरा डोळे मिटून पडावं, एवढंच वाटत होतं. मिस्त्री पिशवी खांद्याला लावून दाराशी निरोप घ्यायला उभे होते.

“मिस्त्री, बसा जरा,” ताई म्हणाल्या. “सुतारकाम कधीपासून करताय तुम्ही?”

“कशाला?”

“लिहायचंय.”

मिस्त्री पिशवी खाली ठेवून स्टुलावर टेकले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ती बोटांत फिरवली.

“खरं सांगू,” त्यांनी विचारलं, “की अर्जात चालेल असं?”