सोमारीवरचा आळ

मुखरूच्या पोरीचे, रश्मीचे, झटके थांबत नाहीत हे कळलं आणि सोमारी चंद्रपूरच्या दवाखान्यात गेली, ती त्याचं रडकं तोंड पाहायला. रश्मीला मिरगीचा पहिला झटका आला, तेव्हा मुखरूनं सोमारीवर करणीचा आळ घेतला होता. धानोऱ्याजवळच्या त्यांच्या गावात, भर चौकात खांबाला बांधून त्यानं तिला चपलेनं मारलं. पोलीस आले, पण साक्ष द्यायला एकही माणूस पुढं झाला नाही. सोमारी गाव सोडून चंद्रपुरात भावाकडे आली.

अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर शमीम मुखरूला समजावत होत्या. "झटका थांबवायची नेहमीची इंजेक्शनं देऊन झाली, उपयोग नाही. आता तिला औषधानं गाढ झोपवून ठेवावं लागेल. श्वास मशीन देईल. मेंदू शांत झाला तरच आशा आहे."

तेवढ्यात मुखरूला सोमारी दिसली. तो धावत येऊन तिच्या पायांवर कोसळला.

"तुही करणी वापस घे, बाई! मी पोरीले घरी नेतो. तू म्हणशील तो उतारा करतो."

'ने' म्हणायचा अवकाश होता. पोर रस्त्यातच गेली असती आणि हा जन्मभर जळत राहिला असता. सोमारीनं तो शब्द तोंडात घोळवला. काचेपलीकडं रश्मीचा जबडा वाकडा होऊन थरथरत होता. चपला त्या पोरीनं मारल्या नव्हत्या.

"हो, मीच केली," ती म्हणाली. "पण डॉक्टरीनबाई म्हणत नाई तवरक पोरगी इथून हलली, तर मरंल."

मुखरू दाराशी बसून राहिला. काही दिवसांनी झोपेचं औषध हळूहळू कमी केलं, तरी झटका परतला नाही. रश्मीनं डोळे उघडले.

मुखरू नारळ घेऊन सोमारीकडे आला.

"नारळ डॉक्टरीनबाईले दे," ती म्हणाली. "मी खोटं बोलली. करणी ना तवा केली, ना आता. चाल गावात. जिथी मले बांधलं, तिथीच सांग."

"लोकं मले काय म्हणतीन?"

"मले म्हणले, त्याच्याहून कमीच."

तिनं नाही म्हटलं तरी त्याला तिच्या करणीची भीती वाटतच होती, म्हणून तो गेला. चौकात गाव जमलं आणि मान खाली घालून त्यानं कबूल केलं: आळ खोटा होता, बांधलं मीच, मारलं मीच. मग त्यानं हात जोडले. सोमारीनं ते डोळे भरून पाहून घेतलं आणि ती पोलीस पाटलाकडे वळली.

"ऐकलं ना, भाऊ? आता साक्षीले अख्खं गाव हाय. ठाण्यात चला."

"काऊन, बाई?" मुखरूचा चेहरा पांढरा पडला. "मी माफी मांगली ना!"

"मांगली," सोमारी म्हणाली. "मी देली कुठी?"