बिनदोऱ्याची सुई

ठाण्याच्या त्या सभागृहात शिरताना चंद्रभागाबाईंनी चपला दाराशी काढून ठेवल्या. बाकी कुणीच काढत नव्हतं.

"अगं, देऊळ आहे का हे?" शेजारच्या आवडाबाईंनी कोपराने ढोसलं. "घाल पायात. लोक बघतायत."

"बघू देत. चपला घालून पाय नाही उचलत माझे."

आणि खरंच होतं ते. दोऱ्यांवर ओळीने गोधड्या टांगल्या होत्या, साठ-सत्तर तरी. कुणाची नऊवारीच्या काठांची, कुणाची नुसत्या पांढऱ्या मलमलीची आणि तिच्यावर पांढराच धावदोरा, इतका बारीक की नाक लावून बघावं. चंद्रभागाबाईंचं वय बासष्ट. त्यातली पन्नास वर्षं हातात सुई. माहेरी साताऱ्याकडे आजीच्या मांडीला मांडी लावून शिकलेल्या, कळव्यात आल्यावर चाळीतल्या, मग सोसायटीतल्या बायकांना शिवून दिलेल्या. पण आपलं काम असं दोरीवर टांगतात आणि लोक हात मागे बांधून बघतात, हे त्यांनी आज पहिल्यांदाच पाहिलं. चौथ्या ओळीत त्यांची स्वतःची मोठी गोधडी होती. खाली चिठ्ठी, 'चंद्रभागा दौलत शेवाळे, कळवा'. आवडाबाईंनी त्या चिठ्ठीचे तीन फोटो काढले. तिन्हीत अंगठा आला.

प्रदर्शन भरवणाऱ्या उत्तराताई एका मंडळाला फिरवून दाखवत होत्या. शहापूरकडच्या एका म्हाताऱ्या आजींच्या गोधडीपाशी त्या थांबल्या, कापड दोन्ही तळव्यांत धरलं आणि एकदम "आई गं!" म्हणून हात झटकला. बोटाच्या पेरावर रक्ताचा ठिपका आला. त्यांनी कापड चाचपलं, चिमटीत धरलं आणि आतून हळूहळू एक सुई बाहेर काढली.

शहापूरच्या आजी टाळ्या पिटत पुढे आल्या. "अगं बाई, हीच ती! चार महिने शोधतेय मेलीला! सुनेवर आळ घेतला होता मी."

सगळे खो खो हसले. चंद्रभागाबाईही हसल्या. हसता हसता त्यांचा हात आवडाबाईंच्या दंडावर गेला आणि तिथेच घट्ट झाला.

"काय गं? चक्कर येतेय का?"

"आवडे," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी कीर्तनात... मी सुई परत घेतली होती का?"

त्या दिवशीची गोष्ट अशी. चंद्रभागाबाईंची लेक संचिता बाळंतपणाला माहेरी आली होती. सव्वा महिना झाल्यावर बाळाला घेऊन टिटवाळ्याला सासरी निघायची होती आणि बाळाची छोटी गोधडी तर अर्धीच झालेली. त्याच आठवड्यात कळव्याच्या देवळात रोज पाच वाजता कीर्तन. कीर्तन म्हणजे चंद्रभागाबाईंचा जीव. ते चुकवायचं नाही आणि गोधडीही व्हायला हवी, म्हणून त्या शिवण पिशवीत घालून देवळात नेत, खांबाला टेकून बसत आणि बुवांचं निरूपण ऐकता ऐकता टाका घालत. टाक्याटाक्याला देवाचं नाव पडतंय, बाळाच्या अंगाखाली नामच अंथरलं जाईल, असा त्यांचा साधा हिशेब. त्या संध्याकाळी बुवांनी आख्यान लावलं होतं, पोटचं बाळ रातोरात दुसऱ्याच्या घरी पोचवावं लागलेल्या आईबापांचं. चंद्रभागाबाईंना संचिताचं जाणं आठवलं. डोळे वाहायला लागले. तेवढ्यात गजर सुरू झाला, पखवाज चढला, सगळी सभा टाळ्यांवर आली. हातातला दोरा नुकताच संपला होता. नुसती सुई उरली होती. ती त्यांनी पटकन गोधडीत खोचली आणि दोन्ही हात मोकळे करून टाळी धरली.

इथवर त्यांना लख्ख आठवत होतं. पुढचं काहीच आठवत नव्हतं.

"सुई कसली घेतेस तू," आवडाबाई म्हणाल्या. "तू तर हुंदके देत होतीस. आरतीला उभं राहायचं होतं, म्हणून मीच ती गोधडी घडी घालून पिशवीत कोंबली." बोलता बोलता त्यांचाही चेहरा उतरला. "मला कुठे सुई दिसली नाही गं. पण मी बघितलंही नाही."

घरी येऊन चंद्रभागाबाईंनी डबीतली दुसरी सुई घेऊन गोधडी पुरी केली होती. दोरा ओवलेली सुई हरवत नाही. दोऱ्याची शेपटी बाहेर राहते, ओढली की येते. बिनदोऱ्याची सुई मात्र कापडाच्या पोटात शिरते आणि घडी घालताना, झटकताना आतल्या आत चालत राहते. आज इथे, उद्या वीतभर पलीकडे. आणि त्या कापडावर गेले पंधरा दिवस दोन महिन्यांचं पोर, बंटी, झोपत होतं.

त्यांनी संचिताला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. जावई दर्शनला लावला, त्याने कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे' असा मेसेज आला. चंद्रभागाबाई दाराकडे निघाल्या.

"अगं चपला! चपला तरी घाल!" आवडाबाई मागे धावल्या. "मी येऊ का बरोबर?"

"नको. तू आमच्या यांना सांग मी टिटवाळ्याला गेले म्हणून. का ते सांगू नकोस."

आसनगाव गाडी लगेच मिळाली. दुपारची वेळ, खिडकीशी जागाही मिळाली. पण बसवेना. त्या दाराजवळच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या, जशी काही उभं राहिल्याने गाडी लवकर पोचणार होती. तोंडात नाम होतं, पण आज ते नाम जिभेवरच घोटाळत होतं, आत उतरत नव्हतं. देवा, तुझ्यासाठी टाळी वाजवायला हात मोकळे केले. तुझ्यासाठीच ना? मग एवढं एक बघ. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. देवाशी अशी देवघेव करायची? मग पुन्हा तेच.

ठाकुर्ली आलं आणि फोन वाजला. संचिता.

"आई, किती कॉल! फोन सायलेंटवर होता. काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. बंटी काय करतोय?"

"आत्ता कुठे झोपलाय. सकाळपासून नुसता रडत होता. काय होतंय कळतच नाही."

चंद्रभागाबाईंनी फोन कानाशी आणखी दाबला. "कशावर झोपलाय?"

"कशावर म्हणजे? तुझ्या गोधडीवर."

"त्याला उचल. मांडीवर घे, संचू."

"अगं, आत्ता झोपलाय म्हणतेय ना! का उचलू?"

तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात फोनमधून विहीणबाईंचा, रखमाबाईंचा आवाज आला, "कोण गं? तुझी आई का? काय म्हणतात?" फोन स्पीकरवर होता. सासरी गेल्यावर झालेल्या बारशाला गोधडी उलगडली तेव्हा याच रखमाबाई चार बायकांदेखत म्हणाल्या होत्या, "अहो, हल्ली दुकानात कार्टूनवाले गादीसेट मिळतात, धुतलेले, पॅक केलेले. चिंध्यांवर कशाला निजवायचं पोराला?" संचिताचा चेहरा तेव्हा एवढासा झाला होता. आता सांगायचं की त्या चिंध्यांत सुईही आहे?

"काठ उसवलाय वाटतं एका बाजूला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "मी येतेच आहे. तू उचल त्याला."

फोन बंद झाला. गाडी कल्याणच्या अलीकडे थांबली आणि थांबूनच राहिली. चंद्रभागाबाईंना कळलं, आपण काय केलं ते. लेक काही बाळाला उचलणार नाही. काठ उसवला म्हणून झोपलेलं पोर कोण उठवतं? त्यांनी पुन्हा फोन लावला. 'संपर्क होऊ शकत नाही.' आपली अब्रू वाचवायला आपण त्या पोराला सुईवर झोपवून ठेवलं. आपणच.

टिटवाळ्याला रिक्षात बसताना रिक्षावाल्याने सवयीने विचारलं, "देवळात ना, मावशी?"

"नाही रे. आज नाही. नव्या बिल्डिंगांकडे घे, पळव."

दार रखमाबाईंनी उघडलं. तोंडावर बोट ठेवलेलं. "हळू. झोपलाय."

आतल्या खोलीत पलंगावर बंटी मुठी वळून झोपला होता. गोधडीच्या त्या लाल-पिवळ्या चौकटींवर. पोट वरखाली होत होतं. चंद्रभागाबाई तडक पुढे झाल्या तशी रखमाबाईंनी त्यांचा हात धरला.

"संचिता म्हणाली, काठ उसवलाय. मी सगळीकडून बघितलं, कुठेच नाही उसवलेला. आणि उसवला असला तरी मी ती न्यायला देणार नाही, आधीच सांगते. विहीणबाई, खरं बोलते, मी बारशाला बोलले ते माझं चुकलं. तो दुकानातला सेट पडलाय कपाटात. पोराला या गोधडीशिवाय डोळा लागत नाही. शेजारच्या भाविकाला दाखवली, तीही म्हणते मला एक करून द्या म्हणून."

बारशापासून चंद्रभागाबाई ज्या शब्दांची वाट बघत होत्या, ते आज आले. आणि त्या मोठ्याने, खोलीत घुमेल अशा आवाजात म्हणाल्या, "तिच्यात सुई आहे."

"काय?"

"सुई राहिलीय आत. माझ्या हातून. फोनवर खोटं बोलले मी. उचला त्याला!"

रखमाबाईंनी झडप घालून पोराला उचललं. बंटी दचकून किंचाळला. संचिता स्वयंपाकघरातून धावत आली, हाताला पीठ. काय झालं ते ऐकलं आणि तशाच हातांनी बाळाकडे झेपावली. तिघींनी मिळून बाळाचे कपडे काढले, पालथं केलं, उताणं केलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघितलं. डाव्या मांडीवर एक लाल ठिपका होता.

"डास असेल," संचिता म्हणाली. "डासच असेल ना, आई?"

चंद्रभागाबाईंनी गोधडी खिडकीखाली फरशीवर पसरली आणि तळव्याने इंच इंच दाबत गेल्या. एकदा, दोनदा. काही लागेना. चार थर होते, त्यात सुई कुठे आडवी झाली असेल कोण जाणे. "उसवावी लागेल," त्या म्हणाल्या. "संचू, ब्लेड दे."

"मलाही एक दे," रखमाबाई म्हणाल्या, पोर सुनेकडे देत. त्या समोर मांडी घालून बसल्या. तोंड मात्र सुरूच. "देवळात शिवणकाम! कुणी सांगितलं होतं? एक तर देवाचं ऐकावं, नाहीतर सुई धरावी."

"हो."

"आणि फोनवर काठ म्हणे! माझी भीती वाटते का तुम्हाला?"

"वाटते," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

रखमाबाईंचा हात क्षणभर थांबला. मग त्या पुन्हा दोरे कापायला लागल्या.

पंचवीस दिवसांचं काम तासाभरात सुटत गेलं. ओळीमागून ओळ. वरच्या चौकटी निघाल्या, त्याखाली चंद्रभागाबाईंच्या जुन्या सुती साडीचा थर, तो झटकला, उजेडापुढे धरला. काही नाही. दुसरा थर. नाही. बंटी संचिताच्या खांद्यावर रडून रडून लाल झाला होता आणि त्याची प्रत्येक किंकाळी चंद्रभागाबाईंच्या छातीत टोचत होती. इथे नसली तर? तर ती कुठे आहे? हा विचार त्या पुढे नेऊ शकत नव्हत्या. ब्लेड साडीत घुसलं आणि फाडत गेलं.

"स्स!" रखमाबाईंनी हात उचलला. अनामिकेवर रक्त टपकलं. खालच्या अस्तराच्या दुमडीत, जिथे बाळाची कंबर येत असे तिथेच, सुई आडवी निजली होती. चंद्रभागाबाईंनी ती तळहातावर घेतली. टोक शाबूत, नेढं शाबूत. अख्खी होती. तुटून कुठे गेलेली नव्हती. त्यांनी तीन वेळा बघितली, संचिताला दाखवली, रखमाबाईंना दाखवली, आणि मग फरशीवरच डोकं टेकून हमसून रडल्या.

"पुरे आता," रखमाबाई बोट तोंडात धरून म्हणाल्या. "मिळाली ना?"

"पण तो सकाळपासून रडत होता. तिच्यामुळेच असेल," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"नसेल. पोरं रडतात."

"असेलही."

"असेलही," रखमाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "उद्या सकाळी बसून पुन्हा शिवा. इथे, माझ्यासमोर. सुई ठेवायची वेळ आली की माझ्या हातात द्यायची."

"मी नाही शिवणार आता. माझ्याने सुई धरवणार नाही."

"बघू ते सकाळी."

बंटी काही केल्या थांबेना. संचिताने कपाटातला दुकानातला सेट काढून अंथरला. त्याने पाठ ताणून भोकाड पसरलं. शेवटी रखमाबाईंनीच ते सुटे थर उचलले, एकेक झटकला, एकावर एक पलंगावर घातला, वर त्या टाके नसलेल्या चौकटी मांडल्या. "या, विहीणबाई. तुम्ही बघा आधी."

चंद्रभागाबाईंनी हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलटा. मग थर वर करून खालून. मग गालाने. रखमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, पण घाई केली नाही. अखेर संचिताने बाळाला त्यावर ठेवलं. त्याने दोन उसासे टाकले, मुठीत एक सुटी चौकट पकडली आणि डोळे मिटले.

सुई मिळाली होती. एकच होती. चंद्रभागाबाईंना ते ठाऊक होतं. तरी त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या, तळवा बाळाच्या पाठीखाली सरकवलेला, कापड आणि अंग यांच्या मधोमध.

"झोपला तो," रखमाबाई कुजबुजल्या. "आता हात काढा. मुंग्या येतील हाताला."

"येऊ देत," चंद्रभागाबाई म्हणाल्या.