मामा गप्प बसले तो दिवस

फळबाजारात लिलाव पुकारणाऱ्या मामांचा आवाज असा, की या टोकाला ते नुसते खाकरले तरी त्या टोकाला भाव चढायचा. त्यांच्या धंद्यात शांतता म्हणजे नुकसान. बोली थांबली की माल पडून राहतो. ती सवय घरीही. कुणाचं वाक्य जरा अडखळलं की मामा ते पुरं करून मोकळे. त्यांच्याकडेच वाढलेली भाची चौदा वर्षांची झाली, पण तिचं एकही वाक्य कधी मुक्कामाला पोचलं नव्हतं. सगळे तिला मुंगीच म्हणत.

त्या मुंगीनं दुधाचा टेम्पो पळवला! टेम्पोवाला गाडी चालूच ठेवून कॅन द्यायला गेला आणि ही आत चढली. चौकाला एक चक्कर मारली, दुसरी मारली, तिसरीला बागेच्या भिंतीत भगदाड.

आज बाल न्यायालयात ठरायचं होतं, मुंगी मामांबरोबर घरी येणार की सुधारगृहात जाणार.

मामांनी जबानी घोटून ठेवली होती. "शेजारच्या पोरांनी तिला भरीला घातलं, असं ठणकावून सांगतो."

सरकारकडून फुकट मिळालेल्या वकीलबाईंनी बाहेरच्या बाकावर ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "खरं आहे का हे?"

"मी बोललो की खरंच वाटतं!"

"मामा, मुंगीला बोलू द्या. मुलाला कोंडणं हा अगदी शेवटचा उपाय, आणि काही ठरवायच्या आधी त्याचं म्हणणं ऐकायचं, असा देशादेशांनी मिळून करार केलाय. तो हक्क तिचा आहे. तुमचा नाही."

"देशादेशांना काय ठाऊक! ही बोलायला लागली तर इथंच संध्याकाळ होईल."

"होऊ दे." बाईंनी पर्समधून पेपरमिंटची भलीमोठी गोळी काढून मामांच्या हातावर ठेवली. "चघळायची. चावायची नाही."

आत उंच खुर्ची नव्हती, बघे नव्हते, गणवेशातलं कुणी नव्हतं. गोल टेबलाशी न्यायाधीशबाई चष्मा पुसत बसल्या होत्या. समोर टेम्पोवाला.

"टेम्पो कुणी चालवला, बाळ?"

"मी."

"कुणी सांगितलं होतं?"

मुंगी टेबलाकडे बघत राहिली. मामांच्या जिभेवर शेजारची पोरं येऊन उभी राहिली. बाजारात एवढ्या वेळात तीन पेट्या विकल्या असत्या! वकीलबाईंनी नुसतं बघितलं. गोळी या गालातून त्या गालात गेली.

"कुणीच नाही," मुंगी म्हणाली. "मला चालवून बघायचा होता. मजा आली."

बुडालो! मामांनी डोळे मिटले.

"आणि भिंत फुटल्यावर पळाली नाहीस?"

न्यायाधीशबाई थांबल्या. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती.

"पळणार होते. पण गाडी बंद कशी करतात ते ठाऊक नव्हतं. सोडली असती तर सरळ बागेत गेली असती. आत बारकी पोरं झोपाळ्यावर होती. म्हणून दोन्ही पायांनी क्लच आणि ब्रेक दाबून बसले."

टेम्पोवाला फिसकन हसला. "बाई, मी काठी घेऊन धावत गेलो, तर ही म्हणते, काका, आधी ही बंद करा, मग मला मारा!"

टेबलाभोवती हशा पिकला. मुंगीही हसली. मामांची गोळी घशात जाता जाता वाचली.

मुंगी घरी राहणार, असं ठरलं. सुट्टीच्या दिवशी बागेची भिंत बांधणाऱ्या गवंड्याला हातभार लावायचा, आणि तिचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही, शाळेतही नाही.

"विटा मी आणतो," टेम्पोवाला म्हणाला, "पण गाडी मी चालवणार!"

फाटकापर्यंत मुंगी बोलतच होती. क्लच, चौक, आरशात मागं पळणारी दुकानं. मध्येच ती अडली. "आणि तेव्हा मला असं वाटलं, मामा, की..."

मामांकडे तीन शब्द तयार होते. त्यांनी ते गिळले आणि वकीलबाईंपुढं हात पसरला.

"बाई, अजून एक गोळी आहे का हो?"