पहिल्या माशाचा वाटा

गुस्टीनं विमान ताईच्या छपरावरून एकदा फिरवलं, मग पुन्हा एकदा. आमच्या नदीवरची पद्धतच ती. पायलटनं तुमच्या घरावर घिरटी घातली की समजायचं, आपल्याकडे कुणीतरी नाहीतर काहीतरी आलंय, आणि उठून धावपट्टीवर जायचं. चुलीवर चहा असला तरी लोक तसाच टाकून निघतात. ताईच्या धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे बाई घरातच होती. दार काही उघडलं नाही.

"बहिरी झाली असेल," गुस्टी स्वतःशीच म्हणाला. विमानात एकटंच बोलायची खोड त्याला केव्हाच लागली होती. ताई बहिरी झालेली नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला किंग सॅमन मासा होता, चांगला दांडगा. सकाळीच जाळ्यात आलेला, यंदाचा पहिला. मोसमातला पहिला मासा धरणाऱ्यानं खायचा नसतो. घरातल्या वडीलधाऱ्याच्या हवाली करायचा आणि त्यानं तो गावाला वाटायचा, असं आमच्यात पूर्वीपासून चालत आलंय. असा मासा घ्यायला कुणी नाही म्हणत नाही. म्हणून तर गुस्टीला हिंमत झाली. एरवी नतालियाताईपुढे उभं राहायला त्याला तोंड नव्हतं.

मासेमारीचा परवाना बापाचा. बाप गेल्यावर तो गुस्टीच्या नावावर झाला, कारण कागदावर एकच नाव मावतं. जाळं मात्र दोघांचं. किनाऱ्यावर जाळं लावायचं, पाणी उतरलं की गुडघाभर चिखलात उभं राहून मासे सोडवायचे, हे ताईनं लहानपणापासून केलं. तिनं लग्न केलं नाही. लोक चिडवायचे, तर म्हणायची, "जाळं मासे तरी देतं. नवरा काय देतो?" गुस्टीचा जीव पहिल्यापासून आकाशात. दुसऱ्यांची विमानं उडवून तो विटला होता, त्याला स्वतःचं हवं होतं. एका हिवाळ्यात त्यानं परवाना सिॲटलच्या एका दातांच्या डॉक्टरला विकला आणि हे विमान घेतलं. ताईला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणूनच नाही विचारलं. शुद्ध गाढवपणा. आणि त्यानं एकट्यानंच केला असंही नाही, नदीवरच्या निम्म्या घरांनी केलाय.

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं जाळं धुऊन, वाळवून शेडमध्ये टांगलं, नदीच्या वरच्या अंगाला आईच्या गावात राहायला गेली आणि बोलणं टाकलं. दवाखान्यात जायचं झालं तरी दुसऱ्या पायलटची वाट बघत बसायची. आठ वर्षं.

त्या आठ वर्षांत गुस्टीनं टपाल वाहिलं, दूध पावडर वाहिली, अवघडलेल्या बायका वाहिल्या, शवपेट्या वाहिल्या. आणलेल्या प्रत्येकाला घ्यायला कुणी ना कुणी यायचं, मेलेल्यालासुद्धा. संध्याकाळी विमान बांधून तो घरी जायचा, डब्यातलं सूप गरम करायचा आणि रेडिओ चालू ठेवूनच झोपायचा, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. पोटाला चिमटा काढून यंदा त्यानं दुसरा एक परवाना विकत घेतला आणि बापाच्याच जागी जाळं लावलं. साठी उलटलेल्या एकट्या माणसाला ते झेपत नाही. पण जाळं पाण्यात पडलं की ताई येईल, एवढ्या एका आशेवर त्यानं सगळा खटाटोप केला होता.

धावपट्टीवर नेस्टर उभा होता. गावाचं टपाल उतरवून घेणारा हा म्हातारा.

"दोनदा फिरलास," नेस्टर म्हणाला. "अख्ख्या गावाला कळलं. तिला कळलं नसेल होय?"

"येईल."

"येईल की. आठ वर्षं येतेच आहे." नेस्टरनं गोणपाट उचकून पाहिलं. "पहिला? मग मला दे. मी काय कमी म्हातारा आहे? भरती गाठेल बघ तुला."

म्हातारा खरं तेच बोलत होता. गुस्टीला परत किनाऱ्यावरच्या वाळूवर उतरायचं होतं, आणि भरती आली की ती वाळू पाण्याखाली. जाळ्यातले मासे उघडे पडले असणार, पक्षी टोचत असणार.

"थांबतो," गुस्टी म्हणाला.

बऱ्याच वेळानं चारचाकी फटफटीचा आवाज आला. शेजारच्या पोरीच्या मागे ताई बसली होती. केस सगळे पांढरे झालेले. ती उतरली, जॅकेटच्या खिशात हात घालून माशापाशी आली आणि भावाकडे न बघता म्हणाली, "नेस्टर, तू काप."

गुस्टीनं ताडलं. त्याच्या माशाला ती हातसुद्धा लावणार नव्हती. नेस्टर कापत गेला, ताई उभ्या उभ्या सांगत गेली. हा तुकडा आजारी ओलेनाला, हा चर्चशेजारच्या घरात, पोटाकडचा तुला घे. सगळं रीतीप्रमाणे. शेवटी डोकं उरलं.

"जाळं कुठलं लावलंस?" ताईनं विचारलं. आठ वर्षांनी पहिला शब्द.

"तुझंच. शेडमधलं."

"डोकं त्याला दे, नेस्टर."

"धरणाऱ्याला? असं नसतं, नतालिया."

"धरणारा तो नाही. जागा बापाची, जाळं माझं. मासा माझा झाला. माझ्या पहिल्या माशातलं मी खात नाही. तो खाईल."

गुस्टीला ते ऐकून रडूच फुटायचं बाकी राहिलं. "मग चल ना, ताई. आत्ताच चल. मला एकट्यानं ओढवत नाही गं. आणि नुसतं जाळंच नाही. घरी गेल्यावर बोलायला कुणी नाही."

ताईनं खिशातले हात बाहेर काढले. बोटं आत वळली होती, सांध्यांना गाठी आल्या होत्या. तिनं मूठ मिटून दाखवायचा प्रयत्न केला, मिटेना.

"सुरीसुद्धा धरवत नाही," ती म्हणाली. "तीन हिवाळे झाले."

गुस्टीनं नेस्टरकडे पाहिलं. नेस्टर माशाची खवलं झाडत राहिला.

"तुला सांगू नको म्हणून त्याला मीच बजावलं होतं," ताई म्हणाली. "परवाना विकताना मला विचारलं नाहीस, गुस्ट्या. घेतानाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं, नको घेऊ म्हणून."

गुस्टी एक पाऊल पुढे आला. त्याला ते हात हातात घ्यावेसे वाटत होते, पण तिनं ते पुन्हा खिशात घातले.

"जा आता," ती म्हणाली. "मासे चिखलात सडतील."

वाळूची पट्टी अजून थोडी शिल्लक होती, तेवढ्यात तो उतरला. चिखलात उभं राहून त्यानं एकट्यानं जाळ्यातले मासे सोडवले, पाणी मांड्यांपर्यंत येईस्तोवर. निम्मे मासे पक्ष्यांनी खराब केले होते. मग किनाऱ्यावरच्या आपल्या झोपडीत येऊन त्यानं ते डोकं मीठ-कांदा घालून उकडलं. एका माणसाला ते फार होतं. पण तिनं दिलं होतं, म्हणून त्यानं टेबलाशी बसून सगळं खाल्लं.