नवव्या श्रावणाचा नारळ

श्रावण होता, पण त्या श्रावणाला श्रावण म्हणवत नव्हते. मिरीच बेटावर, ज्याला गोरे लोक मॉरिशस म्हणत, त्या महिन्यात गारठा पडतो. आभाळ निरभ्र, निष्ठुर, नीलवर्ण. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत उसाचे रुपेरी तुरे. रुपेरी तुरे, रुपेरी ऊन, आणि त्या रुप्याच्या राज्यात कोयता चालवणारी काळवंडलेली माणसे.

त्यांतलीच एक सगुणा. मालवणच्या किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या गाबिताची लेक. नवऱ्याबरोबर पाच वर्षांच्या करारावर आली, त्याची नऊ झाली. दोन वर्षांची आवडी तिने आईच्या ओटीत टाकली होती. पत्र पाठवावे, तर लिहिता-वाचता येत होते कुणाला? निघताना ती आईला एवढेच म्हणाली होती,

"दर नारळी पुनवेक मी थयसून दर्यात नारळ सोडीन. नारळ इलो, तर मी आसंय. नाय इलो, तर माजां पान वाढ."

त्या नवव्या पुनवेच्या सकाळी मुकादमाने सांगून टाकले की परतीच्या जहाजाचे भाडे मालक देणार नाही. करारात तसे कलमच नाही. अंगठा उठवताना ते कुणी वाचून दाखवले होते! तिचा नवरा सुभान खाली मान घालून कोयत्याला धार लावत बसला.

तरी सणाची अर्धी रजा होती. वर्षातून तेवढीच एक दुपार समुद्र तिचा. तिने सोडणासकट, न सोललेला नारळ घेतला, हळदकुंकू वाहिले, लुगड्याच्या लाल काठाची चिंधी त्याला घट्ट बांधली, आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून तो सोडला. दूर, बेटाला कुंपणासारख्या वेढणाऱ्या पोवळ्यांच्या कड्यावर शुभ्र फेस फुटत होता. कड्याच्या आतले पाणी मात्र शांत, पाचूवर्ण, निजलेले.

दरवर्षी ती इथूनच मागे फिरे. आज फिरवेना. आता आपण जाणार नाही; जाईल तो हा नारळच. सासरी निघालेल्या लेकीला वेशीपर्यंत पोचवावे, तशी ती त्याच्याबरोबर काठाकाठाने चालू लागली. नारळ पुढे, ती मागे. नारळ हळू, तीही हळू. खडकांचे वळण आले. नारळ वळला, तीही वळली.

पलीकडे वाळूत माड उभे होते. आठ माड. एक उंच, दुसरा त्याहून ठेंगणा, तिसरा त्याहूनही. आणि शेवटचा म्हणजे सोडण फोडून आलेला नुसता हिरवा कोंब. त्या सोडणाला विटकी चिंधी होती. तिच्याच लुगड्याचा काठ.

एवढ्यात नववा नारळ तिच्या पायाशी येऊन थांबला.

एकही गेला नव्हता. पोवळ्यांच्या कड्याने एकालाही वाट दिली नव्हती. मालवणचा दर्या घेतो आणि नेतो. हा घेतो आणि परत आणून टाकतो. वर्षातून एक दुपार येणाऱ्या बाईला ते कळावे तरी कसे!

म्हणजे पहिल्याच श्रावणात आई वाळूवर वाट पाहत बसली असेल. मग भाद्रपद आला असेल, अविधवा नवमी आली असेल, आणि ठरल्याप्रमाणे आईने मेलेल्या लेकीचे पान वाढले असेल. एकदा नव्हे, आठ वेळा. आणि आवडी, आता अकरा वर्षांची आवडी, दरवर्षी अंगणात उभी राहून कावळ्याला हाका मारत असेल.

सगुणा त्या इवल्या कोंबाशी बसली. "मी आसंय गो बाय," ती म्हणाली. "जिती आसंय."

कड्यावर फेस फुटत राहिला. सगळ्यांत उंच माडाला यंदा पहिले फळ धरले होते. आणि अजून सव्वा महिन्याने, सातासमुद्रांपलीकडे, एक पोर पुन्हा आपल्या जित्या आईचे पान घेऊन अंगणात उभी राहणार होती, आणि कावळा येईपर्यंत उभीच राहणार होती.