‘परवडत नाही’ म्हणायला शिकलेलं घर

महिन्याची बावीस तारीख आली की त्या घरात बोलणं कमी व्हायचं. भाजी चिरताना सुरीचा आवाज मोठा वाटायचा. “दूध एकच पिशवी आणली?” असा साधा प्रश्नही टोचायचा. फोन वाजला की घरधनी तो उचलून जिन्यात जायचा आणि परत येऊन म्हणायचा, “काही नाही, रॉंग नंबर.” महिन्याला वीस-वीस रॉंग नंबर येणारं घर तुम्हीही पाहिलं असेल. कदाचित फार लांब जावंही लागणार नाही.

हा घरधनी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायचा. हात इतका बसलेला, की त्याची कवळी लावून माणूस हसला तर सख्ख्या भावालाही संशय येऊ नये. बिल्डिंगमध्ये सगळे त्याला कवळीवाले म्हणत. बायको चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. घरात सतरा वर्षांची मुलगी आणि बसमध्ये एकतीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले आप्पा, म्हणजे कवळीवाल्याचे वडील. एक लोकांना दात द्यायचा, दुसरी लोकांना चष्मे द्यायची. पण स्वतःच्या घरात काय चाललंय ते दोघांपैकी कुणी नीट पाहत नव्हतं आणि बोलत तर मुळीच नव्हतं.

सव्वा वर्षापूर्वी आप्पांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यासाठी त्यानं एका संस्थेकडून कर्ज काढलं आणि आप्पांना सांगितलं, “कंपनीच्या विम्यातून झालं सगळं.” म्हाताऱ्या माणसाला बोजा वाटू नये एवढाच हेतू होता. मग त्या कर्जाचा हप्ता भरताना महिनाअखेर ओढाताण होऊ लागली, तेव्हा फोनवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज घेतलं. ते फेडायला तसलंच दुसरं. दरम्यान हप्त्यांवर मोटरसायकल आली होती, भिंतभर टीव्ही आला होता. वाण्याची उधारी वेगळीच. बायकोनं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे : “तू कशाला डोकं शिणवतेस? मी बघतो ना!”

एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बेल वाजली. दारात प्रयोगशाळेतला त्याचा सोबती, पॉलिशवाला, उभा होता. कवळीवाल्याच्या हातून तयार झालेल्या कवळ्या तो घासूनपुसून चकचकीत करायचा. दहा वर्षांची सोबत होती त्यांची.

“या भावजी, बसा. चहा टाकते,” बायको म्हणाली.

“चहा नको वहिनी.” तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “दादा, घरी यायचं नव्हतं मला. प्रयोगशाळेत चारचौघांत बोलणं बरं दिसेना म्हणून आलो. या महिन्यातही माझ्या पगारातून नऊ हजार कापले. मागच्या महिन्यात नऊ, आता नऊ. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. दवाखान्यात भरायला ठेवलेले पैसे होते ते.”

“कसले नऊ हजार?” बायकोनं विचारलं.

पॉलिशवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “वहिनींना माहीत नाही? मी जामीन आहे ना आप्पांच्या ऑपरेशनच्या कर्जाला. दादांनी दोन हप्ते भरले नाहीत, म्हणून माझ्याकडून वसूल केले.”

आप्पा पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते हळूच खाली आलं.

कवळीवाल्याची दातखीळ बसली. “देतो... देतो मी लवकरच,” एवढंच तो कसंबसं म्हणाला. पॉलिशवाला उठला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. पण तो जाताना दार हळू लावून गेला, आणि तेच जास्त लागलं.

“किती आहे?” बायकोनं विचारलं.

“अगं, मी बघतो, एक-दोन महिन्यांत...”

“ते नको. आकडा सांगा.”

“तसं फार नाहीये...”

“आकडा!”

तो खाली बसला. “मला माहीत नाही,” म्हणाला.

आणि वाचकहो, ते खरं होतं! सव्वा वर्षात त्यानं एकदाही बेरीज केली नव्हती. ओठाची ठेवण चुकू नये म्हणून दाताचा मिलिमीटर मोजणारा माणूस, पण आपल्या कर्जाची बेरीज करायची हिंमत त्याला झाली नव्हती. भीती आकड्याची नव्हती. एकदा आकडा कळला की तो कुणाला तरी सांगावा लागेल, ही भीती होती.

कपाटावरच्या खोक्यात, प्लॅस्टरच्या जुन्या साच्यांखाली, सगळे कागद दडवले होते. बायकोनं खोकं खाली उतरवलं आणि जेवणाच्या टेबलावर रिकामं केलं. पांढरी पूड उडाली. मुलगी आतून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण जा असंही कुणी म्हणालं नाही. ती एकेक कागद वाचू लागली, आई लिहू लागली. ऑपरेशनचं एक लाख नव्वद हजार. फोनवरची दोन्ही मिळून पंचेचाळीस. मोटरसायकल आणि टीव्हीचे सत्तर. वाण्याचे सतरा. पॉलिशवाल्याचे अठरा.

“तीन लाख चाळीस हजार,” मुलगी म्हणाली.

मग आप्पांनी विचारलं, “म्हणजे माझं ऑपरेशन विम्यातून नाही झालं?”

“आप्पा, तुम्हाला त्रास नको म्हणून...”

आप्पा काठी टेकत उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण बसमध्ये मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो जुना ठामपणा त्यात होता.

“तुला वाटलं, बाप म्हातारा झाला, त्याला खरं सोसायचं नाही. बायकोला वाटू नये की नवऱ्याला जमत नाही. पोरीला वाटू नये की बाप गरीब आहे. सगळ्यांना काय वाटू नये ते तू एकट्यानं ठरवलंस! आणि भरलं कुणी? त्या बिचाऱ्यानं, ज्याची बायको बाळंत व्हायचीये. अरे, तू कर्ज काढलंस म्हणून मला राग नाही. माझ्यासाठीच काढलंस. पण तू आम्हाला खोटं सुख दिलंस, आणि त्या सुखावर आम्ही खर्च करत राहिलो. मला खरं माहीत असतं, तर मी दर आठवड्याला लॉटरीची तिकिटं घेत राहिलो असतो का?”

“लॉटरी?” बायको चमकली.

आप्पा जरा ओशाळले. “चार वर्षं झाली. जन्मभर लोकांना तिकिटं फाडून दिली, म्हटलं आता आपणही एखादं घेऊन बघावं.”

मुलीला हसू आवरेना. मग आईलाही. त्या सकाळी, तसल्या सकाळीही, ते घर हसलं! आणि त्या हसण्यातच पहिली गाठ सुटली.

“माझंही चुकलं,” बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण बोलणं अडखळत नव्हतं. “मला कळत नव्हतं असं नाही. रोज रॉंग नंबर येतात का कुणाला? पण मी नेटानं विचारलं नाही, कारण खरं उत्तर आलं तर मला परवडणार नव्हतं. बहिणीकडे जाताना महागाची भेट न्यायची, दुकानातल्या पोरींसोबत दर शनिवारी बाहेर खायचं, हे सगळं सोडावं लागलं असतं. तुम्ही झाकत होता आणि मी डोळे मिटून घेत होते. चष्म्याच्या दुकानात काम करते मी!”

आप्पा म्हणाले, “आता कुणी कुणाला बोल लावायचा नाही. आपापली गळती आपणच सांगायची. दुसऱ्याची दाखवायची नाही.”

मग त्यांनी ठरवलं. घरात येणारा सगळा पैसा, म्हणजे त्याचा पगार, तिचा पगार आणि आप्पांची पेन्शन, एक तारखेला टेबलावर मांडायचा. आधी भाडं, मग किराणा आणि वीज, मग हप्ते, आणि उरेल त्यातूनच बाकीचं. खर्च झाल्यावर लिहायचं नाही, करण्याआधी लिहायचं. वही मुलीकडे, कारण तिचं अक्षर वाचता येत होतं आणि तिला कुणाची भीड नव्हती.

सगळ्यात आधी मोटरसायकल विकली. तिचं कर्ज फिटून अठरा हजार उरले. ते घेऊन नवराबायको त्याच संध्याकाळी पॉलिशवाल्याच्या घरी गेले. कवळीवाल्यानं पैसे पुढे केले आणि म्हणाला, “तुझ्याकडे यायला उशीर केला. चूक माझी आहे. हप्ता यापुढे चुकणार नाही, आणि चुकायची वेळ आलीच तर तुला महिनाभर आधी सांगीन.” पॉलिशवाल्यानं पैसे मोजले, खिशात घातले, आणि मगच म्हणाला, “आता चहा चालेल.”

दुसऱ्या दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेत जायचं होतं. तिथल्या जिन्यातच कवळीवाला थांबला. “काय सांगणार आपण त्यांना?”

“जे आहे ते,” बायको म्हणाली. “चोरी केलीय का आपण?”

काउंटरपलीकडे जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी वही पाहिली, मुलीनं लिहिलेले आकडे पाहिले. “फोन उचलत नाहीत लोक,” त्या म्हणाल्या. “पत्ते बदलतात. तुम्ही आपण होऊन आलात, वर सगळं लिहून आणलंत. साहेबांना विचारते.” अर्ध्या तासानं नऊ हजारांचा हप्ता साडेसहा हजारांवर आला. मुदत वाढली, व्याज थोडं जास्त जाणार होतं, तेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. ज्या दाराची सव्वा वर्ष धास्ती घेतली, त्या दारातून तो हलका होऊन बाहेर पडला! नुसतं विचारायचं राहिलं होतं.

सगळंच असं सोपं गेलं नाही. टीव्ही परत घेईना कोणी. बायकोच्या बहिणीनं भेटीचा आकार पाहून तोंड वाकडं केलं. तेव्हा बायको पहिल्यांदाच म्हणाली, “ताई, सध्या परवडत नाही गं.” बहीण थोड्या वेळानं तिला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, “आमचंही तसंच आहे. पण ह्यांना बोललेलं आवडत नाही.” मुलीनं मैत्रिणींच्या सहलीला जायचं रद्द केलं आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वहीत स्वतःच लिहिलं : सहल रद्द, शिल्लक चार हजार. शेजारी एक रागावलेला चेहराही काढला. आप्पांची लॉटरी बंद झाली. पैसे वाचवल्याचं त्यांनाच सगळ्यात जास्त कौतुक. जो भेटेल त्याला सांगायचे.

सातव्या महिन्यात फ्रीज बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, “याचं आयुष्य संपलं.” फोनवरचं महागडं कर्ज नुकतं फिटलं होतं, हाताशी काही नव्हतं. दुपारी प्रयोगशाळेत मेणाचा साचा बनवताना कवळीवाल्याचा फोन टिंग वाजला : ‘दोन मिनिटांत पंचवीस हजार. कागदपत्रं नकोत.’ त्याचा अंगठा पडद्यावर गेला. नाव भरून झालं. घरी फ्रीज आला असता, बायको खूश झाली असती, कुणाला काही कळलं नसतं. पुढचं सगळं तो जिन्यात जाऊन बोलला असता.

त्यानं फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला आणि बायकोला लावला.

“अगं, मी आत्ता कर्ज घेत होतो. नाव भरलं होतं.”

पलीकडे दुकानातला आवाज ऐकू येत होता. मग ती म्हणाली, “मग?”

“मग तुला फोन केला.”

“बरं केलंत,” ती म्हणाली. “येताना अर्धा लिटरच दूध आणा. उरलं की नासतं.”

एवढंच! पण वाचकहो, तीन लाख चाळीस हजारांचं ओझं खऱ्या अर्थानं उतरायला लागलं ते त्या फोनपासून. अकरा आठवडे ते घर फ्रीजशिवाय राहिलं. रोजची भाजी रोज आली. तेवढ्या दिवसांत पैसे साठवून त्यांनी जुना पण धडका फ्रीज रोखीनं घेतला, आणि तो दारातून आत येताना चौघांनीही धरला. काहीच गरज नव्हती, हमाल होते. तरी धरला.

बाकीची देणी फिटत गेली तसे ते पैसेही ऑपरेशनच्या कर्जात भरत गेले, तरी तेवीस महिने लागले. शेवटचा हप्ता भरून कवळीवाला संस्थेचा ‘येणे बाकी नाही’ असा कागद घेऊन निघाला, तो थेट पॉलिशवाल्याकडे गेला. “तू मोकळा झालास,” म्हणाला. पॉलिशवाल्याचं पोर त्याच्या पायाला धरून उभं होतं. ते तो कागद तोंडात घालायला निघालं, तेव्हा दोघेही धावले.

पुढच्या एक तारखेला पगार टेबलावर आला. मुलीनं वही उघडली. “हप्ता नाही या महिन्यात,” ती म्हणाली. “मग ते पैसे कुठे लिहू?”

“निम्मे बाजूला ठेव,” आप्पा म्हणाले. “माझा दुसरा खुबा अजून शाबूत आहे, पण त्याचा भरवसा नाही.”

“आणि निम्मे तुझ्या कॉलेजला,” आई म्हणाली.

कवळीवाल्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग जरा चाचरत म्हणाला, “मला बूट हवेत. तळ फाटलाय दोन्हींचा. परवडतील का आपल्याला?”

तिघांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. घरात स्वतःसाठी काही मागताना त्याला कुणी कधी ऐकलं नव्हतं. मुलीनं आकडे तपासले, पुन्हा तपासले, उगाच वेळ लावला.

“परवडतील,” ती म्हणाली, आणि ठळक अक्षरांत लिहिलं.

मित्रहो, कर्ज होणं हा गुन्हा नाही. आजारपण येतं, नोकरी जाते, अंदाज चुकतो. पण ज्या घरात पैशाविषयी बोलायची लाज वाटते, तिथे लहानसं कर्जही अंधारातल्या ओलीसारखं पसरत जातं आणि एक दिवस शेजाऱ्याची भिंतही भिजवतं. एकट्यानं वाहिलेल्या ओझ्यातून मोठेपणा मिळत नाही, घरातल्या माणसांचा हक्क मात्र जातो. म्हणून आज संध्याकाळी जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी आकडा सांगा. बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा, आईबापाला सांगा, कळत्या मुलांनाही सांगा. ‘परवडत नाही’ म्हणताना जीभ अडखळेल. पण ज्या दिवशी घरातले सगळे मिळून ते म्हणतील, त्याच दिवसापासून एकेक गोष्ट परवडायला लागेल!