बेचाळीसमधला दोन

“उतर खाली, पोरी. आधी माझं ऐक,” तेओदुलो म्हणाला.

इसाउरा शिडीच्या चौथ्या पायरीवर होती. एका हातात निळ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात वडिलांचा कुंचला. खाली शिडी धरून उभा असलेला तेओदुलो तिचा धर्मपिता, तिचा ‘पाद्रिनो’. वय ऐंशीच्या घरात, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. वडिलांना जाऊन आज नववा दिवस. त्यांच्यासाठीच्या शेवटच्या प्रार्थनेला अजून दोन तास होते. साखर कारखान्याचा गोडसर धूर बेसबॉलच्या मैदानावर रेंगाळत होता आणि त्यातून ओळखीची भिंतही स्वप्नात पाहिल्यासारखी वाटत होती.

भिंतीवर पाच नावं होती. क्लबनं अजिंक्यपद मिळवलं, त्या मोसमात सर्वाधिक धावा काढणारे पाच जण. पहिला तेओदुलो, बेचाळीस. दुसरे तिचे वडील लेआंद्रो, एक्केचाळीस. दर ऑक्टोबरात, खेळ सुरू होण्याआधी, लेआंद्रोच ती नावं नव्यानं रंगवायचे.

“पाद्रिनो, रंग वाळतोय.”

“वाळू दे. ती बेचाळिसावी धाव माझी नाही. तुझ्या बापाची आहे.”

इसाउरानं डबा शिडीच्या खिळ्याला अडकवला.

“शेवटचा सामना. दोघंही एक्केचाळीसवर. त्याला ताप होता, म्हणून तो बाकावर. मी चेंडू मारला, पहिल्या तळावर पोचलो आणि पाय मुरगळला. माझ्या जागी तो धावायला उतरला. तापात! टोपी उडाली तरी थांबला नाही गाढव. फेरी जो पुरी करतो, धाव त्याची. शेंबडं पोरही सांगेल. पण धावा लिहिणाऱ्यानं सवयीनं माझ्या नावापुढे लिहिली.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“भिंतीवर नावं रंगवली त्या दिवशी माझी आई डोंगरातून आली होती. आयुष्यात एकदाच. माझं नाव सगळ्यांच्या वर बघून तिला रडूच फुटलं. लेआंद्रो माझ्या कानात म्हणाला, ‘तोंड उघडलंस तर दात पाडीन.’ पुढे आई वारल्यावर मी म्हटलं, आता सांगू या. तर म्हणे, ‘माझी भिंत खराब करू नकोस, म्हाताऱ्या.’ ” त्यानं नाक ओढलं. “आता तू बदल. त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायचीय मला. कुठल्या तोंडानं म्हणू?”

लहानपणी ती वडिलांना चिडवायची, “पपा, तुम्ही कायम दुसरेच!” ते हसायचे आणि कुंचला बुडवायचे.

तिनं खिशातली पातळ सुरी काढली. बेचाळीसमधला दोन खरवडून तिथे एक काढायचा आणि पपांच्या एकाच्या जागी दोन, एवढंच काम. सुरी टेकवली आणि ती थांबली. तो दोन लेआंद्रोंच्या हातचा होता: मान किंचित पुढे काढलेला, शेपटीला अर्धा वेढा. पाटीवर तिचा हात धरून त्यांनी असाच दोन गिरवून घेतला होता. एवढ्या वर्षांचे थर एकावर एक चढून आकडा बोटाला लागण्याइतका उंच झाला होता. त्यांच्या स्वतःच्या एक्केचाळीसमध्ये दोन नव्हता; हा खरवडला, तर त्यांच्या हातचा तो दोन गेला असता.

तिनं सुरी खिशात टाकली आणि कुंचला बुडवला.

“अगं, हे काय करतेस?”

“पपांचा हात आहे हा, पाद्रिनो. तुमची धाव नाही. शिडी धरा नीट.”

तेओदुलोनं हॅट काढून काखेत धरली आणि दोन्ही हातांनी शिडी पकडली.

मानेवरून कुंचला हळूहळू खाली आला. वेढा पूर्ण झाला. वडील जिथे कुंचला उचलायचे, तिथे इसाउरा पोचली होती; पण बराच वेळ तिनं तो उचललाच नाही.